हृदयाच्या नाक्यावरील पहारा

जेथें रस्ता अडवून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी होते, कोणास सोडावें व कोणास थांबवावें हें जेथें ठरतें, त्या जागेस नाका म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साकीनाका नांवाचा जो भाग आहे, त्याच्या नांवांत हा जुना शब्द टिकून राहिला आहे. आज तेथें लहानमोठे कारखाने आहेत, कचेऱ्या आहेत, वाहनांची अखंड रीघ आहे, आणि ८ जून २०१४ पासून त्या रिघेच्या डोक्यावरून मेट्रो धावत आहे. या धांदलींत जगणाऱ्या कित्येक घरांत सकाळच्या चहाबरोबर एक लहानशी गोळी घेतली जाते. तिच्या नांवाचा शेवट बहुधा 'लॉल' असा असतो : प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल. वैद्यकांत या वर्गास बीटा-ब्लॉकर म्हणतात. वाढलेला रक्तदाब आणि हृच्छूल, म्हणजेच अँजायना, या दोन्ही व्याधींत ती दिली जाते. आणि तिचें काम नाक्यावरील पहारेकऱ्याच्या कामासारखेंच आहे. हा पहारा कोणी बसविला, तो सामान्य घरापर्यंत पोचविण्यांत मुंबईचा वाटा काय, आणि तो एकाएकीं कां उठवूं नये, हें समजून घेणें जितकें मनोरंजक तितकेंच हितावह आहे.

हृच्छूल ही व्याधि नवी नव्हे. इंग्लंडमधील विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ सालीं लंडनच्या वैद्यांपुढें तिचें वर्णन वाचून दाखविलें. चढावर चालतांना, विशेषतः जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि पाय थांबतांच ती वेदना ओसरते, ही गोष्ट त्यांनीं अचूक टिपली होती. उपाय सांपडण्यास मात्र आणखी शंभर वर्षें लागलीं. १८६७ सालीं लॉडर ब्रंटन यांनीं अमिल नायट्राइट हुंगावयास देऊन वेदना शमविली, आणि १८७९ सालीं विल्यम मरेल यांनीं नायट्रोग्लिसरीनचा गुण दाखवून दिला. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करणारीं हीं औषधें आलेली कळ थांबवीत. परंतु दिवसभर हृदयाचें रक्षण करीत राहील असें औषध कोणापाशींच नव्हतें.

रक्तदाबाची कथा याहून निराळी नाहीं. १८९६ सालीं इटलींत रीव्हा-रोची यांनीं दंडास बांधावयाचा पट्टा तयार केला. १९०५ सालीं रशियांत कोरोत्कोव्ह यांनीं धमनीवर नळी ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. दाब मोजतां येऊं लागला, पण उतरवितां येईना. कित्येक नामांकित डॉक्टरांचें तर असें मत होतें कीं, वाढलेला दाब ही शरीराचीच कांहीं सोय असावी, तिला हात न लावणें बरें. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें मरण पावले. त्या दिवशीं त्यांचा दाब ३०० वर १९० असा मोजला गेला होता. एका बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षापाशीं डॉक्टर होते, यंत्र होतें. नव्हतें तें औषध.

अशा वेळीं मुंबईनें या इतिहासांत पहिलें पाऊल टाकलें. सर्पगंधा ही आपल्या देशांतील वैद्यांच्या आणि ग्रामीण लोकांच्या परिचयाची वनस्पति. निद्रानाश व उन्माद यांवर तिचें मूळ देत असत. १९३१ सालीं कलकत्त्याचे सेन आणि बोस या दोघां चिकित्सकांनीं तिनें रक्तदाब उतरतो असें नमूद केलें होतें. परंतु ती माहिती देशाबाहेर फारशी गेली नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं संबंध असलेले हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं या मुळाचा पद्धतशीर अनुभव घेतला, आणि १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगाचें लक्ष सर्पगंधेकडे वेधलें तें या लेखामुळें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. आणि १९६३ सालीं याच सीबा कंपनीचें संशोधनकेंद्र गोरेगांवीं उघडलें. रेसर्पिनमध्यें दोषही होता. मोठ्या प्रमाणांत घेणारे कांहीं रोगी खिन्न व उदास होत. तरीही औषधानें रक्तदाब उतरवितां येतो आणि तो उतरविणें योग्य आहे, ही गोष्ट डॉक्टरांच्या मनांत रुजविण्यांत परळच्या या परिश्रमाचा भाग मोठा होता.

डॉ. वकील यांच्या लेखाच्या आधीं एकच वर्ष, म्हणजे १९४८ सालीं, अमेरिकेंत दुसऱ्या एका विचाराचें बीज पडलें होतें. भीति, क्रोध किंवा धावपळ यांच्या वेळीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. त्यानें नाडी जलद होते आणि हृदय अधिक जोरानें आकुंचन पावतें. जॉर्जिया संस्थानांतील रेमंड अलक्विस्ट यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हा रस शरीरांत ज्या ठिकाणीं लागू पडतो, तीं ठिकाणें दोन प्रकारचीं असलीं पाहिजेत. एकास त्यांनीं अल्फा म्हटलें, दुसऱ्यास बीटा. हृदयावरचीं ठिकाणें बीटा जातीचीं. हा लेख एका नियतकालिकानें नाकारला, दुसऱ्यानें छापला, आणि पुढें दहा वर्षें त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

त्याकडे पाहिलें तें स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनीं. १९५८ सालीं ते इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनींत, चेशायर परगण्यांतील तिच्या प्रयोगशाळेंत, रुजू झाले. हृच्छूलाचा प्रश्न त्यांनीं उलट बाजूनें मांडला. हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरें पडतें, तेव्हां रक्ताचा पुरवठा वाढवा, असें सर्व जण म्हणत होते. ब्लॅक यांनीं विचारलें कीं, हृदयाची मागणीच कमी केली तर ? मिळकत वाढविणें हातीं नसेल तेव्हां खर्च आवरावा, हा कोणत्याही संसारी माणसास पटणारा हिशेब आहे. अड्रेनलिन बीटा ठिकाणीं पोचलें नाहीं, तर हृदय उगाच धावणार नाहीं. आणि धावलें नाहीं, तर अपुऱ्या पुरवठ्यांतही त्याचें भागेल. यासाठीं अड्रेनलिनसारखाच दिसणारा, पण त्याचें काम न करतां नुसती जागा अडवून बसणारा पदार्थ हवा होता. नाक्यावर पहारेकरी बसवावा, तसा. पहिला पदार्थ प्रोनेथॅलॉल. त्यानें उंदरांत अर्बुदें उत्पन्न झालीं म्हणून तो सोडावा लागला. दुसरा प्रोप्रॅनोलॉल, त्याची माहिती १९६४ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांनीं नोंदविलें कीं, या औषधानें रक्तदाबही उतरतो. हा गुण शोधून काढलेला नव्हता. तो उपचार करतांना सांपडला. १९८८ सालीं ब्लॅक नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

औषध निघालें, पण तें कोणाच्या खिशाला परवडणारें होतें? भारतांत तेव्हां १९११ सालचा पेटंटचा कायदा चालू होता. त्यान्वयें परदेशी कंपनीच्या पेटंटाखालील औषध येथील कारखानदारास करतां येत नसे. या स्थितीचा विचार करून न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं आपला अहवाल दिला. त्या विचारांतून १९७० चा पेटंट अधिनियम संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आला. औषधी पदार्थास पेटंट नाहीं, पदार्थ तयार करण्याच्या कृतीस तेवढें, आणि तेंही थोड्या मुदतीचें, असा त्याचा आशय होता. याच झगड्यांत मुंबईच्या सिप्ला या कंपनीचें आणि प्रोप्रॅनोलॉलचें नांव एकत्र घेतलें जातें. ही कंपनी १९३५ सालीं ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं स्थापन केलेली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद हे केंब्रिज येथें रसायनशास्त्र शिकून आलेले. युसुफ हमीद यांनीं पुढें अनेकदां सांगितलेली हकीकत अशी कीं, सिप्लानें प्रोप्रॅनोलॉल करण्यास घेतलें तेव्हां मूळ ब्रिटिश कंपनीनें पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडे तक्रार नेली. त्यावर, जीव वाचविणारें औषध लक्षावधि भारतीयांना नाकारावें काय, असा प्रश्न हमीद यांनीं त्यांच्यापुढें ठेवला. कायदा बदलण्यास इतरही अनेक कारणें होतीं हें खरें. तथापि हृदयाची ही गोळी त्या वादांतील एक बोलकें उदाहरण ठरली. २००५ पासून औषधी पदार्थांचीं पेटंटें भारतांत पुन्हां देण्यांत येऊं लागलीं; पण तोंवर या गोळ्यांच्या पेटंटांची मुदत केव्हांच सरली होती. आज साकीनाक्याच्या औषधविक्रेत्याकडे त्या बेताच्या किंमतींत मिळतात, त्यामागें हा इतिहास आहे.

गोळी स्वस्त झाली, घरोघर पोचली. पण स्वस्त वस्तूविषयीं मनुष्य निष्काळजी होतो, आणि या औषधाच्या बाबतींत निष्काळजीपणाची किंमत जबर असते. तें कळण्यासही कांहीं वर्षें जावीं लागलीं. पहिला धडा दम्याचा. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारीं बीटा ठिकाणें फुप्फुसांतही आहेत. प्रोप्रॅनोलॉल हृदयाबरोबर त्यांनाही अडवितें, आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. म्हणून मुख्यत्वें हृदयावरच काम करणारीं औषधें शोधण्यांत आलीं. त्यांतील प्रॅक्टोलॉल हें १९७० सालीं बाजारांत आलें. पण त्यानें कांहीं रोग्यांच्या डोळ्यांस व पोटांतील पडद्यास गंभीर इजा झाल्याचें १९७५ च्या सुमारास उघडकीस आलें, आणि त्याचा सर्वसाधारण वापर बंद करावा लागला. त्यानंतर ब्रिटनमध्यें १९७६ सालीं अटेनोलॉल आलें. तें आणि मेटोप्रोलॉल यांचा भर हृदयावर अधिक आहे. तरीही मात्रा वाढली कीं हा भेद पुसट होतो. दमा असणाऱ्यानें तो आरंभींच डॉक्टरांना सांगितला पाहिजे. कांचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबही याच कुळांतले आहेत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. १९७५ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्यें अमेरिकन डॉक्टरांनीं असे रोगी वर्णिले कीं, ज्यांचें हृच्छूल प्रोप्रॅनोलॉलनें आटोक्यांत होतें, पण औषध एकाएकीं बंद होतांच ज्यांना पूर्वीपेक्षां तीव्र कळा आल्या, कोणास हृदयविकाराचा झटका आला, तर कोणास मृत्युही आला. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. दीर्घ काळ नाके अडलेले राहिले कीं शरीर आपल्या परीनें नवे नाके उघडतें. हृदयावरील बीटा ठिकाणांची संख्या वाढते. पहारा आहे तोंवर याची बाधा जाणवत नाहीं. पहारा एका रात्रींत उठला, तर वाढलेल्या प्रत्येक वाटेनें अड्रेनलिन आंत शिरतें, आणि हृदय पूर्वी कधीं धावलें नव्हतें इतकें धावूं लागतें. फाटक दिवसभर बंद ठेवून एकदम उघडल्यावर जें होतें, तेंच हें. म्हणून हें औषध सोडावयाचें झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, एकदोन आठवड्यांत किंवा त्याहूनही सावकाश, मात्रा उतरवीत सोडावें, असा दंडक पडला.

या दोषांबरोबर गुणांचीही परीक्षा झाली. अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,८३७ रोग्यांवर प्रोप्रॅनोलॉलचा मोठा प्रयोग झाला. सुमारें दोन वर्षांत, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९.८, तर औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७.२ दगावले. लाभ इतका स्पष्ट दिसला कीं, १९८१ सालीं हा प्रयोग ठरल्या वेळेआधींच थांबविण्यांत आला. दुर्बल झालेल्या हृदयास हें औषध वर्ज्य मानीत. स्वीडनमधील डॉक्टरांनीं १९७५ सालीं त्या समजुतीस धक्का दिला, आणि आतां अशा कित्येक रोग्यांना तें अगदीं अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवीत देतात. उलट, दुसरी व्याधि नसून केवळ रक्तदाब वाढलेला असेल, तर बहुधा इतर औषधांनीं आरंभ करावा, असें ब्रिटनमध्यें २००६ सालीं ठरलें. कारण पक्षाघात टाळण्यांत तीं सरस आढळलीं. तेव्हां शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपणासही लागू पडेल, हा तर्क येथें चालत नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून हीं औषधें विकूं नयेत असा जो कायद्याचा निर्बंध आहे, तो याच कारणानें.

असो. या इतिहासांतून घरांत पाळावयाचे नियम आपोआप निघतात. गोळी रोज ठराविक वेळीं घ्यावी. एखादी वेळ चुकल्यास आठवण होतांच घ्यावी. मात्र पुढची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊं नयेत. सावकाश विरघळणारी म्हणून दिलेली गोळी कुटूं किंवा चावूं नये. नाडी मोजण्यास घरांतील एकानें तरी शिकावें. ती मिनिटाला पन्नासाखालीं गेली, किंवा घेरी, मूर्च्छा, धाप, पायांवर सूज यांपैकीं कांहीं दिसलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. स्वतःच गोळी बंद करूं नये. आरंभीं थोडा थकवा येणें, हातपाय गार पडणें, झोपेंत स्वप्नें पडणें हे प्रकार होतात. तेही सांगावेत, म्हणजे औषध किंवा मात्रा बदलतां येते. अंथरुणांतून किंवा खुर्चीवरून उठतांना सावकाश उठावें.

मधुमेह असणाऱ्यानें विशेष जपावें. रक्तांतील साखर फार उतरली म्हणजे छाती धडधडते व हात कांपतात. हा निसर्गाचा इशारा या औषधानें दबला जातो. घाम मात्र सुटतो. तीच खूण मानून साखर तपासावी. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम हीं औषधें याच्या जोडीला आलीं तर नाडी धोक्याइतकी मंदावूं शकते. अंगदुखीवरच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवितात, तेव्हां त्या विचारल्याविना घेऊं नयेत. एकाच औषधाचीं व्यापारी नांवें अनेक असतात. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून एकच औषध दुप्पट पोटांत जाणें अशक्य नाहीं. त्यासाठीं पाकिटावरील मूळ नांव वाचावें, आणि त्याच्या शेवटीं 'लॉल' दिसल्यास सावध व्हावें. दांत काढावयाचा असो वा मोठी शस्त्रक्रिया असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हें औषध चालू असल्याचें आधीं सांगावें. छातींत कळ आली तर काम टाकून बसावें आणि जिभेखालीं ठेवावयाची गोळी डॉक्टरांनीं दिली असल्यास ती ठेवावी. पांच मिनिटांत आराम न पडल्यास वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

मुंबईच्या उपनगरांतील घरांना आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. गणपतीस किंवा शिमग्यास माणसें गांवीं जातात, आठ दिवसांचा मुक्काम पंधरा दिवसांवर जातो, आणि बरोबर नेलेल्या गोळ्या संपतात. तेथें प्रकृति चांगली वाटते, हवा मानवते, आणि आतां औषधाचें काय काम, असें मनांत येतें. वस्तुतः प्रकृति चांगली वाटते ती बहुधा औषध चालू असल्यामुळेंच. १९७५ सालच्या त्या लेखांतील रोग्यांवर जी पाळी आली, ती येण्यास एवढें निमित्त पुरतें. यास्तव गांवीं जातांना जितके दिवस राहावयाचें त्याहून दोन आठवड्यांच्या अधिक गोळ्या आणि चिठ्ठीची एक प्रत बरोबर घ्यावी; आणि ती गोळी कोणती, किती व केव्हां घ्यावयाची, हें घरांतील निदान दुसऱ्या एका माणसाला तोंडपाठ असावें. हें औषध सामान्यांच्या आवाक्यांत आणण्यास अनेकांचे श्रम आणि एक कायदा खर्ची पडला. तें नित्यनेमानें घेण्यास मात्र घरांतलेंच कोणीतरी जागरूक असावें लागतें.